अरबाब आणि सालिक

शारजात अल नहदाला आमच्या घरी सध्या एक वाद पेटला आहे. एका बाजूला माझी थोरली बहीण. कऱ्हाडच्या शाळेतून मराठीच्या बाई म्हणून निवृत्त झालेली, थंडीपुरती व्हिजिट व्हिसावर आलेली. दुसऱ्या बाजूला माझी मुलगी. जन्म दुबईचा, कॉलेज दुबईचं, मराठी आमच्या घरातलं. कन्येनं मोबाइलमध्ये माझा नंबर ‘अरबाब’ आणि तिच्या आईचा ‘सालिक’ या नावानं साठवला आहे, आणि फोन चार्जिंगला लावलेला असताना ते तिच्या आत्याच्या नजरेस पडलं.

आखाताबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करतो. इथल्या मजुरापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे मालकाला अरबाब म्हणतात. मीही पहिल्या नोकरीत म्हणायचो. आणि सालिक म्हणजे दुबईच्या रस्त्यांवरचा टोल. २००७ साली सुरू झाला. कमानीखालून गाडी गेली की खात्यातून पैसे आपोआप वळते होतात आणि शिल्लक संपत आली की फोनवर मेसेज येतो.

शनिवारची दुपार होती. बायको वर्षअखेरचे हिशेब संपवायला ऑफिसात गेलेली. म्हणजे वादातला मुख्य पक्षकारच गैरहजर होता. मी चहा टाकला.

आत्या : बाप मालक आणि आई टोलनाका! नावं ठेवायला तुला जन्मदातेच मिळाले होय गं?

भाची : टोलनाका नाही गं आत्या. टोलनाक्यावर निदान थांबून भांडता तरी येतं. सालिकला तेही नाही. मी स्वयंपाकघरापुढून नुसती गेले तरी काहीतरी कापलं जातं. ओला टॉवेल पलंगावर का, डबा धुवायला का नाही टाकला, त्या मुलाचं आडनाव काय. आणि २०२५ पासून तर दरही बदललेत. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ सहा दिरहम, एरवी चार. आईचे पीक अवर्स अगदी तेच आहेत. घड्याळ लावून बघ.

आत्या : आमच्या वेळी असं कुणी म्हणालं असतं तर जीभ हासडली असती.

भाची : तुमच्या वेळी बाबा आजोबांना काय म्हणायचे, विचार.

माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून मी आलं किसायला घेतलं. पण ताई खोटं बोलणारी नव्हे.

आत्या : हिटलर म्हणायचा. पाठीमागे. आणि मित्रांपुढे ‘आमचे फादर’. त्या काळी कॉलेजात गेलेल्या प्रत्येक पोराचे वडील एकाएकी फादर व्हायचे आणि आई मदर. ‘फादरना आवडणार नाही’, ‘मदरची तब्येत बरी नाही’. एकदा अप्पांनी ऐकलं आणि विचारलं, ‘कोण रे हे पाद्री?’ पण बाळ, तोंडावर अप्पाच. पत्रात तीर्थरूप. पाठीमागे काय म्हणायचं ते म्हणा, तोंडावर मर्यादा हवी. त्यालाच तर मर्यादा म्हणतात.

भाची : म्हणजे तुमची मर्यादा ही की त्यांना कळू द्यायचं नाही. मी बाबांना तोंडावर अरबाब म्हणते. ‘अरबाब, फ्लूस?’ असं पैशांसाठी विचारते, ते ‘माफी फ्लूस’, पैसे नाहीत, म्हणतात, मग देतात. यात अनादर कुठंय? आणि आजीला तुम्ही काय हाक मारायचा? आई?

आत्या : वहिनी.

भाची : काय?

आत्या : अगं, एकत्र कुटुंब. धाकटे काका तिला वहिनी म्हणायचे, म्हणून आम्ही पोरंही वहिनीच म्हणायला लागलो. घरोघरी तसंच होतं. कुणाचे वडील दादा, कुणाचे अण्णा, कुणाचे भाऊ. आईला काकू म्हणणारी पोरंसुद्धा आमच्या आळीत होती. वडील तर आजोबांसमोर स्वतःच्या पोराला कडेवर घ्यायचे नाहीत. वाईट दिसायचं ते.

भाची : म्हणजे स्वतःच्या आईला जन्मभर दिराच्या नात्यानं हाक मारली, आणि मी फोनमध्ये सालिक लिहिलं तर संस्कार बुडाले!

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. मराठी घरांत आईबापांना हाक मारण्याचा इतिहास फारसा सोवळा नाहीच. ‘बाप’ हा शब्द घ्या. पांढरपेशा घरात ‘माझा बाप’ म्हटलं की कानाखाली बसायची. पण शेतावर, गिरणीत, गोदीत तो साधा, रोजचा शब्द. डॉ. नरेंद्र जाधवांनी मुंबई बंदरात राबलेल्या आपल्या वडिलांवर पुस्तक लिहिलं तेव्हा नाव दिलं ‘आमचा बाप आन् आम्ही’. १९९३ साली आलेलं ते पुस्तक ‘आमचे वडील आणि आम्ही’ या नावानं कुणी हातात घेतलं असतं का, मला शंका आहे. ज्ञानेश्वरांनी तर अभंगांच्या मुद्रेत विठ्ठलालाच बाप म्हटलंय. शिवी आणि मुद्रा यांत फरक असलाच तर बोलणाऱ्याच्या गळ्यात असतो.

आणि आता मुंबई-पुण्याच्या पोरांनी त्याच शब्दाचं विशेषण केलंय. बाप बॅटिंग, बाप गाणं, बाप माणूस. ताईला मी हे सांगायला गेलो आणि वादानं वेगळंच वळण घेतलं.

आत्या : बाप बॅटिंग. बरं. आई बॅटिंग असं कुणी म्हणतं का रे?

मी : नाही बुवा.

आत्या : का म्हणत नाही?

भाची : आत्या, ते ‘ठेच लागली की आई गं, साप दिसला की बाप रे’ सांगणार असशील तर नको. रोज सकाळी कुणीतरी पाठवतंच.

आत्या : ते फुलांच्या चित्रावरचं तत्त्वज्ञान मला नकोय. माझं सरळ विचारणं आहे. तुम्ही बापाला चिडवायला बसलात तरी त्याला खुर्चीवरच बसवता. पिताश्री, हायकमांड, अरबाब. ह्यानं अप्पांना हिटलर म्हटलं, तोही राज्यच करत होता. आणि आईला काय? सालिक. तुझी ती मैत्रीण परवा आली होती, तिच्या फोनात आई ‘सीसीटीव्ही’. दुसरीची ‘रेडिओ’. बापाला हुद्दा आणि आईला यंत्र. थट्टेतसुद्धा ती माणूस नाही, भिंतीला लावलेली वस्तू.

भाची पहिल्यांदा गप्प बसली. मीही गाळणी हातात धरून उभा राहिलो, कारण मला वाटलं होतं ताई संस्कारांवर बोलणार. चाळीसेक वह्या तपासून लाल शाई संपलेल्या बाई डोळ्यांसमोर होत्या, आणि या बाई भलत्याच वहीवर बोट ठेवत होत्या.

भाची : होम मिनिस्टर आहे की. लोक बायकोला, आईला होम मिनिस्टर म्हणतात. खातं आहे, हुद्दा आहे.

आत्या : आहे. टीव्हीवर त्याच नावाचा कार्यक्रम २००४ पासून लागायचा, मीही बघायचे, आदेश बांदेकर यायचे की वाड्यातल्या बायका नटून बसायच्या. जिंकलेल्या मंत्रीणबाईंना मिळायचं काय? पैठणी. गृहखात्याचं बजेट कधी कुणी दिलं? तुझा बाप ऑफिसात सांगत असेल, ‘गृहखात्याची परवानगी नाही’, म्हणजे त्याला पार्टीला जायचं नसलं की दोष हिच्या माथी. हुद्दा नव्हे तो. ढाल आहे.

इथं मला निषेध नोंदवायचा होता. नोंदवला नाही, कारण गेल्याच गुरुवारी मी नेमकं तेच वाक्य वापरलं होतं.

भाची : पण आत्या, अरबाब हे मी हवेतून नाही काढलं. इथं ते कागदावरच आहे. माझा रेसिडन्स व्हिसा बाबांच्या नावावर. ते स्पॉन्सर, मी डिपेंडंट. माझ्या वर्गातला मुलगा परवा सांगत होता की पंचविसावं लागलं की बापाच्या व्हिसावरून उतरावं लागतं. आधी तर अठरालाच उतरवायचे, २०२२ पासून पंचवीस केलं. लग्न न झालेल्या मुलीला वयाची अट नाही. म्हणजे मी कायमची. आता सांग, ज्याची नोकरी गेली तर मला देश सोडावा लागेल त्याला मी काय म्हणू? बाबा तर तुझ्याकडेही असतात, सगळीकडेच असतात. हे स्पॉन्सरचं नातं फक्त इथलं आहे, त्याला इथलाच शब्द नको?

आत्या : आणि आई कमावत नाही?

भाची : कमावते की. बाबांपेक्षा जास्त.

मी : थोडंसं जास्त.

भाची : बाबा, बरंच जास्त.

आत्या : मग अरबाब कोण?

याचं उत्तर खरं म्हणजे पासपोर्टात होतं. आता व्हिसाची चिकटपट्टी बंद झाली, सगळं एमिरेट्स आयडीवर गेलं. पण जुन्या पासपोर्टात बायकोच्या पहिल्या व्हिसाचं पान अजून आहे. व्यवसायाच्या रकान्यात ‘हाउसवाइफ’ छापलेलं, आणि स्पॉन्सर म्हणून माझं नाव. बी.कॉम., मुंबईत ऑडिट फर्ममधली नोकरी, हे कुठल्याच रकान्यात बसलं नव्हतं. मी ते पान आणून दाखवलं. ताईनं चष्मा लावून वाचलं आणि पासपोर्ट परत देताना म्हणाली, ‘हे सरकारनं ठेवलेलं टोपणनाव.’

आत्या : आणि तो सिनेमा पाहिलास ना, मल्याळी, वाळवंटातल्या बकऱ्यांचा?

भाची : आडुजीवितम. पृथ्वीराजचा. २०२४ चा.

आत्या : त्यात तो गरीब पोरगा मालकाला अरबाब अरबाब म्हणतो आणि मालक त्याला उपाशी ठेवतो. मी सौदीतलं ते बघून दोन रात्री झोपले नाही. आणि तू त्याच शब्दानं खिशातले पैसे मागतेस.

भाची : म्हणूनच तर हसू येतं, आत्या. बाबांचा आणि त्याचा काही संबंधच नाही.

आत्या : तुला येतं. तुमच्या खाली तो गाड्या धुणारा मुलगा आहे ना, त्याच्यासमोर म्हणून बघ. त्यालाही येतं का हसू?

मला इथं दोघींचंही पटलं, आणि ते सोयीचंही होतं. दुबईतल्या मुहैस्नाच्या कामगार वस्त्यांत हा शब्द आजही थट्टेचा नाही. पण पोरीची हेटाळणी नव्हती हेही मला ठाऊक आहे. आखातातल्या बापाकडे असतं तरी काय? वेळ नसतो. सुट्टीच्या दिवशी हायपरमार्केट असतं. बापाची ओळख पगार, व्हिसा, शाळेची फी आणि वर्षातून एकदा विमानाची तिकिटं, हीच. पोरांनी त्याला पैशाच्या शब्दांत ओळखलं तर चूक त्यांची एकट्यांची नव्हे. दुबईतले मसाल्याचे मोठे व्यापारी धनंजय दातार जाहीरपणे सांगत आले आहेत की हवाई दलातून निवृत्त झालेल्या वडिलांनी १९८४ साली इथं छोटं दुकान टाकलं तेव्हा आपण स्वतः फरशी पुसली, पोती उचलली. तिथं वडील खरोखरच मालक होते. त्या घरात अरबाब म्हटलं असतं तर ते विनोद म्हणून चाललं नसतं, हजेरीपटावरची नोंद झाली असती.

भाची : आणि तुमच्या पुस्तकांत आईबाप हसतात कुठं? श्यामची आई घे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आपण सगळ्यांनी रडून वाचलं. नटसम्राट घे. १९७० पासून बाप रस्त्यावर. म्हणजे मराठीत आईबाप एक तर देव नाही तर बिचारे. मध्ये काहीच नाही. माझी आई चुलीपुढे बसून रडत नाही. एक्सेल उघडून चिडते. तिच्यासाठी मला कुठलं पुस्तक आहे?

आत्या : अशोक पाटोळ्यांचं ‘आई रिटायर होतेय’ नाटक आहे. भक्ती बर्वे करायची. त्यातली आई घरकामातून सरळ निवृत्ती जाहीर करते.

भाची : बघ, तिलाही माणूस व्हायला रिटायरच व्हावं लागलं!

ताई मनापासून हसली. बऱ्याच वर्षांनी वर्गात कुणीतरी नीट उत्तर दिल्यासारखी. मग तिनंच एक गोष्ट काढली, ती मला नको होती.

अप्पा गेल्यावर मी वहिनीला, म्हणजे आमच्या आईला, इकडे आणायचं ठरवलं होतं. आईवडिलांचा व्हिसा इथं मिळतो, पण वर्षावर्षाचा. पगाराची अट, मेडिकल इन्शुरन्स, नात्याचे दाखले, आणि ती माझ्यावरच अवलंबून असल्याचं वकिलातीतून प्रमाणित केलेलं प्रतिज्ञापत्र. दोन म्हशी सांभाळून आम्हाला शिकवणारी बाई कागदोपत्री माझी डिपेंडंट होणार होती.

आत्या : तू मला फोनवर वाचून दाखवलं होतंस. ‘गावी यांना सांभाळणारं दुसरं कोणी नाही.’ मी तेव्हा वहिनीच्या शेजारीच बसले होते. तिला इंजेक्शन द्यायला नर्स आली होती, तिला मी पैसे देत होते.

भाची : बाबा?

आत्या : त्याचं काही नाही गं. फॉर्मच तसा होता. लेकीला कोण मोजतं? पण म्हणून सांगते, कागदाच्या भाषेत घरातल्या माणसांना हाक मारू नका. कागदाला कळत नाही कोण कुणाला सांभाळतं.

वहिनी शेवटी आलीच नाही. ‘वाळवंटात काय करू, तुझ्या बारा मजल्यांवर म्हैस चढेल का’ म्हणाली.

चहा दुसऱ्यांदा झाला. बोलणं कायद्यावर गेलं. भारतात २००७ सालचा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा आहे. मुलांनी टाकलं तर प्रांतांकडे अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळते. ताईच्या ओळखीच्या एका आजींनी असा अर्ज लिहिला आणि दिला मात्र नाही, ‘पोराचं नाव सरकारात जाईल’ म्हणून. अमिरातीत २०२५ च्या एप्रिलपासून नवा कौटुंबिक कायदा आलाय, त्यात आईवडिलांना छळणं किंवा वाऱ्यावर सोडणं हा शिक्षेचा गुन्हा आहे. शिवाय २०२४ मध्ये आईच्या नावानं आणि २०२५ मध्ये वडिलांच्या नावानं दुबईच्या शासकांनी एकेक अब्ज दिरहमचा धर्मादाय निधी उभारायची मोहीम काढली, पहिला शिक्षणासाठी, दुसरा उपचारांसाठी. म्हाताऱ्या नागरिकांना सरकारी कागदात ‘वृद्ध’ म्हणायचं नाही, ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणायचं, असा बदलही इथं २०१८ मध्ये झाला. पण अमिराती पोरं घरात म्हाताऱ्याला ‘शैबा’च म्हणतात, पांढऱ्या केसांचा. आणि तो शैबा उठून त्यांच्या मागे लागतो.

भाची : आमच्या वर्गातली अमिराती मुलगी आईला यूम्मा म्हणते. गंमत म्हणजे तिची आईही तिला यूम्माच म्हणते. ‘जेवलीस का, आई?’ असं.

आत्या : त्यात गंमत काय? मी तुझ्या बापाला सकाळी काय म्हणाले? ‘खा रे बाबा, पोहे गार होतायत.’

मग मात्र तिनं खरी तक्रार काढली. भाचीनं महिनाभरापूर्वी एक रील टाकलं होतं. डोक्याला टॉवेल गुंडाळून आईची नक्कल, आणि मागे आईचा खराखुरा आवाज. ताई निघायच्या आधी बायकोनं तिला बोटिमवर व्हिडिओ कॉल लावून बॅग उघडायला लावली होती, तो आवाज. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, अमली पदार्थांत धरतात. ताईनं अनारसे आणले होते. ‘ताई, अनारशाला खाली काय लावलंय? दाखवा. कॅमेऱ्याजवळ धरा. पालथा करा.’ मग प्रत्येक अनारसा पालथा झाला आणि सगळा डबा कऱ्हाडलाच राहिला. रील जोरात चाललं.

आत्या : घरात सालिक म्हण, मी कानाआड करीन. पण ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही ते तिच्या आवाजाला हसतात. ती मला तुरुंगापासून वाचवत होती गं.

मी : आणि दुसऱ्याचा आवाज त्याला न विचारता असा टाकणं हा इथं गुन्हा आहे. २०२१ चा सायबर कायदा. कमीत कमी दीड लाख दिरहम दंड, किंवा सहा महिने आत.

भाची : आई माझ्यावर केस करेल?

आत्या : दीड लाख म्हणजे किती रे रुपये?

मी हिशेब करत असतानाच दार वाजलं. बायको आली, चपला काढता काढताच तिनं विचारलं, ‘गॅलरीतले कपडे कुणीच काढले नाहीत ना?’ भाचीच्या तोंडून ‘टिंग’ असा आवाज निघाला. मेसेज आल्याचा.

ताईनं तिला सगळं सांगितलं. अरबाब, सालिक, पीक अवर्स. बायकोनं पाणी पिता पिता ऐकलं.

‘सालिकचं मला माहितीये,’ ती म्हणाली. ‘रात्री एक ते सहा फुकट असतं, तेवढं लक्षात ठेव. तो व्हिडिओ काढलास का?’

‘आई, त्याला व्ह्यूज...’

‘त्याचे पैसे मिळतात?’

‘नाही.’

‘मग काढ.’

भाचीनं फोन घेतला. ताई म्हणाली, आता नावंही बदलून टाक, साधं आई आणि बाबा लिही.

‘नको नको,’ बायको म्हणाली. ‘सालिकच राहू दे. आमच्या ऑफिसातल्या एकीच्या मुलाचा फोन मेट्रोत चोरला. चोरानं आधी ‘मॉम’ शोधलं आणि ओटीपी मागितला. तिनं दिला. टोलवाल्याला कुणी ओटीपी मागणार नाही.’

‘अगं पण पोराचा आवाज नाही का ओळखता आला तिला?’ ताईनं विचारलं.

‘मेसेज होता, ताई. आणि पोरगा एरवी तरी कुठं बोलतो?’ असं म्हणत ती कपडे काढायला गॅलरीत गेली, आणि जाताना मला म्हणाली, ‘अरबाब, बादली आणा.’